भिण्याचं काम दाजींकडं

आमच्या घरात भिण्यासारखं इतकं काही होतं, की भिण्याचं सगळं काम एकट्या दाजींनी अंगावर घेतलं म्हणूनच बाकीच्यांना जगता आलं, असं माझं स्पष्ट मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कुरुंद्याच्या शिवारात कुणालाही विचारा, इथला सगळ्यात भित्रा माणूस कोण, तर तो हातातलं काम न सोडता हनुवटीनं त्यांचं घर दाखवील. पण दाजींचं सांगायचं तर आधी आमचं सांगावं लागतं. माझे आईबाप दुसऱ्याच्या रानात हळद काढायला जायचे. हंगामात दोघांचे हात कोपरापर्यंत पिवळे, आणि त्या हातांनी थापलेली भाकरीसुद्धा पिवळी. मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून अक्कानं सातवीतून शाळा सोडली. माझी शाळा तिच्या मोडलेल्या शाळेवर उभी आहे, हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. तिचं लग्न झालं, पहिला मुलगा झाला, आणि ऐन हळदीच्या दिवसांत तो पिवळा पडला. पण त्या घरात पिवळं काय नव्हतं? बाळंतिणीची लुगडी पिवळी, दुपटी पिवळी, न्हाऊ घालणाऱ्या सासूचे हात पिवळे. ती रोज हळद-बेसन लावून लेकराला न्हाऊ घालायची. 'हळदीचं अंग हाय, उतरंल दोन दिसांत,' सगळे म्हणाले. उतरलं नाही. लेकरू आधी प्यायचं थांबलं, मग रडायचं थांबलं. बारशाच्या आधीच गेलं. नाव ठेवायचं राहून गेलं म्हणून आम्ही त्याला आजही नुसतं 'मोठा' म्हणतो.

लोक सांगतात, तेव्हापासून दाजी भित्रे झाले. साफ खोटं आहे. दाजी जन्माचे भित्रे आहेत. अक्काला बघायला आले तेव्हा आमची एकुलती एक खुर्ची त्यांनी आधी हातानं हलवून पाहिली, मग तिच्यावर आपल्या मामाला बसवलं, आणि मामा पडले नाहीत असं दिसल्यावर स्वतः सतरंजीवर बसले. लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना हळूच विचारलं, 'मांडवाच्या बल्ल्या कोनी पुरल्या?' वाटेत पूल आला की ते मोटारसायकलीवरून उतरतात, गाडी हातानं ढकलत पूल पायी ओलांडतात आणि पलीकडं जाऊन पुन्हा बसतात. गाडी आणि माणूस यांचं मिळून वजन एकाच वेळी पुलावर नको, असा हिशेब. वास्तविक ते पुलावर चालत असताना मोटारसायकलही पुलावरच असते, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, 'व्हय, पर दोघंबी एकमेकाच्या भरोशावर नसतो.' वारंगा फाट्याला तर त्यांनी कहर केला. तिथं हायवेच्या अलीकडं उतरून पलीकडच्या एसटीत बसायचं होतं. ट्रका बघून दाजी बराच वेळ उभे राहिले, आणि शेवटी रस्ता ओलांडायला त्यांनी रिक्षा केली. रिक्षावाल्याला वाटलं लांबचं भाडं आहे. त्यानं अलीकडून पलीकडं नेऊन सोडलं तेव्हा तो त्यांच्याकडं बघतच राहिला. दाजींनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाले, 'सांभाळून जा बाबा वापस.'

माझ्या शिक्षणात या भित्र्या माणसाचा हात आहे. आमच्या सात पिढ्यांत दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी नर्सिंगची पदवी घ्यायला नांदेडला जाते म्हटल्यावर आई रडली, आणि सगळ्यांना वाटलं की दाजी तर आडवेच पडणार. दाजी आडवे पडले नाहीत. ते माझ्याबरोबर होस्टेलवर आले आणि वॉर्डनबाईंना विचारू लागले, आग लागली तर पोरी कुठून बाहेर पडणार, मागचं दार आतून उघडतं का बाहेरून, पंखा छताला कशानं बांधला आहे. बाई आधी चिडल्या. मग त्यांनी मागचं दार उघडून दाखवायला घेतलं, तर ते उघडेचना. गंजलं होतं. दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्या दारातून पुढं आम्ही पोरी बऱ्याचदा बाहेर पडलो, पण ती आग नव्हती, आणि ते इथं सांगायचं कारण नाही. पदवी झाली, आणि आमच्याच तालुक्यात, दाजींचं गाव ज्यात येतं त्या उपकेंद्रावर मला आरोग्य अधिकाऱ्याची जागा मिळाली. तेव्हापासून दाजी मला 'सिस्टरबाई' म्हणतात आणि रोज सकाळी फोन करतात. 'सिस्टरबाई, हायेस ना?' मी 'हाय' म्हटलं की फोन ठेवतात. दुसरं काही विचारायचं नसतं.

एवढ्या भित्र्या माणसाच्या नशिबी धंदा कोणता यावा, तर हळद शिजवायच्या बॉयलरचा. वडिलांकडून आलेला. हंगामात तो ट्रॅक्टरमागं जोडून या शेतातून त्या शेतात न्यायचा, खाली जाळ लावायचा, वाफ नळीतून हळदीच्या पिंपात सोडायची. दुसरे बॉयलरवाले जाळ लावून बांधावर गप्पा मारत बसतात. दाजींचा बॉयलर पेटला की ते आधी स्वतः लिंबाच्या झाडामागं जातात, तिथून मान बाहेर काढून वाफेच्या दाबाचा काटा बघतात, मग जवळ येतात, नळीला हात लावतात, कान देतात, पुन्हा झाडामागं जातात. दिवसभर ही येरझार. पण हळद शिजून पिंप उतरेपर्यंत ते जेवायलाही जात नाहीत. एकदा एक शेतकरी वैतागून म्हणाला, 'दाजी, काटा हिरव्यात हाय की! काहून नाचून राहिले?' दाजी म्हणाले, 'काटा हिरव्यात हाय म्हून काय झालं? काट्याला काय लेकरंबाळं हायती?' हे वाक्य गावात बरेच दिवस चाललं. कुणी म्हणालं पाऊस पडणार, तर दुसरा विचारायचा, 'ढगाला काय लेकरंबाळं हायती?'

अशा गावात ते यंत्र आलं. यंत्र म्हणजे दिसायला साधा मोबाईल, पण आत नव्या बाळांची कावीळ ओळखणारी कृत्रिम बुद्धी. बाळाच्या छातीवर एक पांढरं कार्ड ठेवायचं आणि फोटो काढायचा. कार्डाच्या पांढऱ्यावरून मोबाईल उजेड कसा आहे ते ओळखतो, मग कातडीचा पिवळेपणा मोजतो. धोका असला तर लाल, नसला तर हिरवं. रक्त काढायला नको, सुई नको. सोबत मार्गदर्शक सूचनांचं पुस्तक होतं. मी शिकलेली बाई, मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. आईबापाला विचारल्याशिवाय फोटो काढू नये. माहिती गुप्त ठेवावी. आणि जाड अक्षरांत: अंतिम निर्णय माणसाचाच राहील. वाक्य फार देखणं वाटलं होतं. तो माणूस म्हणजे मी, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

यंत्र दाखवायला गावात बैठक झाली. शहरातून एक सर आले होते, गोड बोलणारे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजी दाराजवळ बसले होते, कुठल्याही बैठकीत ते दाराजवळच बसतात. त्यांनी हात वर केला.

'साहेब, हे यंत्र कोन्त्या लेकरायला बघून शिकलं?'

'देशभरातल्या बाळांना बघून, काका. लाखो फोटो.'

'त्यात हळदीच्या गावातले होते का?'

'तेवढं मला सांगता येणार नाही.'

'बरं. आन हे चुकलं, तं भांडायला कोनाच्या दारात जायचं?'

सगळे हसले. सरही हसले. 'काका, यंत्र चुकत नाही असं मी म्हणत नाही. पण ते फक्त सल्ला देतं.'

'सल्ला तं आमचा सोयराबी देतो,' दाजी म्हणाले, 'पर त्यानं सांगून बैल खराब निघाला, तं त्याच्या दारात जाऊन बसता येतं. च्या पेल्याबिगर उठत न्हाई आमी.'

हशा एवढा झाला की उत्तर राहून गेलं. मीही हसले. पण घरी जाताना माझ्या मनात ते दार काही बंद होईना. खरंच, कुणाच्या दारात जायचं?

पहिल्या हंगामात यंत्रानं धमाल उडवून दिली. आमच्याकडं बाळाला हळद लावल्याशिवाय न्हाणं होत नाही, त्यामुळं जे बाळ बघावं ते लाल. मी बाळं साबणानं धुऊन घ्यायला लागले, तरी हळद ती हळद, एका धुण्यात थोडीच जाते. बाया लेकरं छातीशी धरून वसमतला पळायच्या, तिथं रक्त तपासलं की काही नाही. आमच्या आशाताईला, म्हणजे गावच्या आशा सेविकेला, लोक रस्त्यात अडवायचे. 'काहून वं, तुझ्या मोबाईलला कावीळ झाली का?' मी वरती कळवलं, पुन्हा कळवलं. मग हळूहळू एक नवल झालं. लाल कमी व्हायला लागलं. बाळं तीच, हळद तीच, पण यंत्र हिरवं दाखवायला लागलं. तालुक्याच्या बैठकीत आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, 'बघा, यंत्र शिकतं ते असं.' सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गावही निवांत झालं. हिरवं आलं की म्हातारी आजी मोबाईललाच कुंकू लावायला निघायची.

त्या हिरव्या दिवसांत अक्काला मुलगी झाली. मोठा गेल्यावर कितीतरी वर्षांनी. दाजींनी गरोदरपणात अक्काला पायरी चढू दिली नाही, पायरी उतरू दिली नाही, आणि तिसऱ्या महिन्यानंतर तर शिंकूही नको म्हणायला लागले. दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हा तेच एकटे रुसले होते. 'आनिक आठ दिवस ठेवा की डॉक्टर, आमी कुठं तकलीफ देतो?' घरी आणल्यावर त्यांनी आपल्या आईला हात जोडून सांगितलं, लेकराला हळद लावायची नाही. म्हातारीनं व्हय म्हटलं आणि दाजी बॉयलरवर गेल्यावर लावली. तिचंही बरोबर होतं. तिच्या दहा लेकरानातवांना हळद लागली होती, आणि एकाला सोडून सगळे धडधाकट होते. त्या एकाबद्दल ती बोलत नसे.

बाळ तीन-चार दिवसांचं असेल. दुपारची वेळ. आशाताई आणि मी घरी गेलो. दाजी रानातून तसेच आले होते, हातपाय काळेपिवळे. मी फोटो काढायला मोबाईल काढला तर त्यांनी पदरासारखा गमछा बाळावर धरला.

'उघड्या लेकराचा फोटो. कुठं जाऊन राहिला तो?'

मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. फोटो कुठं साठवतात, कोण बघू शकतं, नाव लावत नाहीत. 'अन् दाजी, तुम्ही नको म्हणालात तर मी काढणार नाही. तसा नियमच आहे.'

'नको म्हटलं तं उद्या सरकारी दवाखान्यात घेतील ना लेकराला?'

'घेतील. घ्यावंच लागंल.'

'मंग काढ,' ते म्हणाले. 'नको म्हनता येतं म्हून काढ.'

आशाताईनं कार्ड ठेवलं, मी फोटो काढला. हिरवं. म्हातारीनं देवापुढं साखर ठेवली, अक्कानं डोळे पुसले. आशाताई म्हणाली, 'चला बाई, अजून दोन घरं हायती.' आणि मी उठलेच होते. पण बाळ फार शांत होतं. अक्का म्हणाली, 'लई गुणाची हाय, सकाळपासून निजूनच हाय. प्यायलाबी उठत न्हाई.'

'गुणाची' हा शब्द मी या घरात आधी ऐकला होता. मोठ्याबद्दल.

मी बाळाला अंगणात उजेडात आणलं. कपाळावर बोट दाबून उचललं. दाबलेली जागा पांढरी दिसायला हवी, ती पिवळी दिसली. छाती, पोट, मांडी, तसंच. तळपाय दाबला, तोही पिवळा. पण हळद तर तळपायालाही चोळतात. पापणी वर करून पाहिली. डोळ्यात हळद जात नाही. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळसर वाटलं, पुन्हा बघितलं तर नाही वाटलं, पुन्हा बघितलं तर वाटलं. मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला.

'ॲप काय म्हणतंय, सिस्टर?'

'हिरवं, सर.'

'मग? उगाच बाळंतिणीला कशाला पळवता या उन्हात?' तसा भला माणूस. 'पण हे बघा, बाळ तुमच्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही. याच्या आधीचं बाळ गेलंय का हो या घरात?'

'गेलंय. पिवळं पडूनच.'

'हं. ठरवा तुम्ही. मी तुमच्यामागं आहे.'

मोबाईलनं हे विचारलंच नव्हतं. त्याला विचारायची सोयच नव्हती. फोन ठेवला आणि ते जाड अक्षरांतलं वाक्य माझ्या मानेवर येऊन बसलं. मी नेलं आणि काही निघालं नाही, तर हसं होईल, की सिस्टरबाईंनी स्वतःच्या बहिणीसाठी यंत्र खोटं पाडलं. नाही नेलं आणि निघालं, तर. त्या 'तर'च्या पुढं मला जाता येईना. अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मला वाटलं आता दाजी सुरू होतील, छाती बडवतील, गाव गोळा करतील. पण दाजी माझ्याजवळ आले आणि एवढंच विचारलं,

'सिस्टरबाई, तुला भ्या वाटून राहिलं का?'

'व्हय दाजी. लई.'

'त्या मोबाईलला वाटून राहिलं का?'

'त्याला कसं वाटंल?'

'मंग तुझं खरं. चल.'

रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली होती. दाजींच्या आळीत एक चाचा आहेत, त्यांची जीप हाकेला येते. त्यांचे आजोबाही याच गावात टांगा चालवायचे. दाजी आणि चाचा यांचं जुनं वैर आहे, गोडीचं. एरवी जीपमध्ये बसायच्या आधी दाजी विचारणार, 'चाचा, ब्रेक हाय का?' आणि चाचा म्हणणार, 'ब्रेक बी है, अल्ला बी है. दोनों पे भरोसा रख.' दाजी म्हणणार, 'पयले ब्रेक दाखवा.' त्या दिवशी दाजींनी काहीच विचारलं नाही, तेव्हा चाचाच घाबरले. 'क्या हुआ रे बच्ची को?' म्हणाले आणि जीप अशी काढली की आशाताईची चप्पल अंगणातच राहिली. पूल आला तेव्हा चाचांनी सवयीनं वेग कमी केला. 'उतरना है?' दाजींनी नुसती मान हलवली. डोळे गच्च मिटले, आणि एका हातानं बाळाचेही डोळे झाकले. पूल संपेपर्यंत जीपमध्ये कुणी श्वास घेतला नसावा. मी तर वाटभर बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होते. ते रडावं, चिडावं, काहीतरी करावं. ते एकदा कण्हलं तर अक्का आनंदानं ओरडली, 'रडली! रडली वं!' आणि मग स्वतःच रडायला लागली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बाळाला बघितलं, रक्त घेतलं, आणि निकाल यायची वाट न बघता निळ्या दिव्याखाली ठेवलं. निकाल आला तेव्हा त्या आमच्याशी न बोलता आधी फोनवर कुणाशी तरी बोलल्या, की रक्त बदलायची तयारी ठेवा. मी शिकलेली आहे, मला त्या वाक्याचा अर्थ कळला: कावीळ मेंदूपर्यंत जायच्या बेतात होती. दाजींना कळला नाही, पण त्यांनी माझं तोंड वाचलं. काचेपलीकडं डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं लेकरू निळ्या उजेडात उघडं पडलेलं, जणू कुणी पाण्याच्या तळाशी ठेवलंय. दाजींनी तिथल्या नर्सला विचारलं, 'बाई, या दिव्याजवळ कोन बसतं?' ती म्हणाली, 'मी बसते की काका.' 'जेवायला गेल्या तं?' 'दुसरी येते.' 'तवर?' ती हसली नाही. म्हणाली, 'तवर मी जात नाही.' दाजी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं.

रक्त बदलायची वेळ आली नाही. पिवळेपणा हळूहळू उतरत गेला. उतरायला लागल्यावर डॉक्टर बाईंनी मला जवळ बोलावलं. 'तुमच्याकडं ते ॲप आहे ना? काय दाखवलं होतं?' मी सांगितलं. त्यांनी मोबाईल बघितला, मग माझ्या पिशवीतलं कार्ड काढलं आणि आपल्या डॉक्टरी कोटावर ठेवलं. कार्ड हळदीच्या दुधासारखं दिसत होतं. आम्ही सगळ्या बाया हंगामात रानातल्या, घरातल्या. आशाताई सकाळी स्वतःची हळद काढून दुपारी बाळं बघायची. कार्ड या हातातून त्या हातात गेलं, या न्हाणीघरातून त्या न्हाणीघरात, आणि रोज एवढं एवढं पिवळं होत गेलं. कुणाच्या डोळ्यांना कळलं नाही, कारण आमच्याकडं त्या दिवसांत पांढरं असं काही नसतंच. यंत्र बिचारं त्या कार्डाला पांढरं समजत होतं, म्हणून बाळाचा पिवळेपणा त्याला पिवळा दिसेना. ते शिकलं नव्हतं. आम्हीच त्याचा डोळा रंगवला होता.

'कार्ड पांढरं असतं, माहीत आहे ना?' बाई म्हणाल्या. रागानं नव्हे, हताशपणानं.

मागून दाजी म्हणाले, 'हळदीच्या दिवसात आमच्याकडं पांढरं काय ऱ्हातं, मॅडम? आमचे बगळेबी पिवळे असतात.'

बाई हसल्या. मग हसता हसता खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, 'या कार्डानं अजून किती घरांत हिरवं दाखवलंय?' त्याच संध्याकाळपासून आशाताई, मी आणि शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर घरोघर फिरलो. हिरवं दाखवलेली सगळी बाळं उजेडात उघडी करून पाहिली. प्रत्येक दारात शिरताना वाटायचं, इथं आत रडणं ऐकू येऊ दे, बाळाचं. दोन बाळं पाठवावी लागली. दोन्ही वाचली. पण त्यातल्या एका घरी आम्ही आणखी उशिरा पोचलो असतो, तर आज मी हे लिहीत नसते. बहुतेक नोकरीतही नसते.

पुढं तालुक्याला मोठी बैठक झाली. साहेब होते, डॉक्टर होते, यंत्रवाल्यांचे तेच गोड बोलणारे सर होते. चूक कुणाची, यावर बरीच चर्चा झाली. यंत्र म्हणे बरोबर होतं, कार्ड चुकीचं. कार्ड म्हणे बरोबर होतं, हात चुकीचे. हात म्हणे बरोबर होते, हळद... आणि हळदीपाशी येऊन सगळे थांबले, कारण तिला नोटीस देता येत नाही. मी उभी राहिले. पदवीधर असूनही भर सभेत बोलायला माझी जीभ जड होते. मी म्हटलं, यंत्र बंद करू नका. लांबच्या वाडीवर जिथं मी रोज पोचत नाही, तिथं ते कामाचं आहे. पण ते हिरवं म्हणालं म्हणून माझं बघणं संपत नाही, हे लिहून द्या. आणि चुकलं तर लोकांनी कुणाच्या दारात यायचं, ते दार नावानिशी सांगा. मग साहेबांनी दाजींना विचारलं, बाळाचे वडील म्हणून काही बोलायचं का. दाजी दाराजवळून उठले. म्हणाले, 'मला यंत्रातलं कळत न्हाई. पर ज्याला भ्या वाटत न्हाई, त्याच्या एकट्याच्या ताब्यात लेकरू देऊ नका. त्याच्यासंगं एक भिनारं मानूस ठेवा. बस.' या वेळी कुणी हसलं नाही, आणि न हसल्यामुळं दाजी इतके घाबरले की खुर्चीवर न बसता सरळ बाहेरच गेले.

आता माझी बदली कनेरगाव नाक्याकडं झाली आहे. जिल्ह्याचं दुसरं टोक. पोरगी अंगणभर पळते, तिला कशाचंच भय नाही, ती पेटलेल्या बॉयलरच्या दिशेनं धावते आणि दाजी झाडामागून ओरडत निघतात. मध्यंतरी त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी सांगितलं, काळजी कमी करा, चिंता कमी करा. अक्का म्हणते, आताशा ते प्रयत्न करतात. पुलावर उतरत नाहीत. खुर्ची हलवून बघत नाहीत. मलाही सकाळी रोज फोन येत नाही, कधीमधी येतो. सकाळी उपकेंद्राचं कुलूप काढताना मी अजून त्या फोनसाठी थोडी थांबते. आपल्यासाठी भिणारं माणूस जगात कुठंतरी जागं आहे, याची सवय लागली की ती सुटत नाही. मग आत जाते, साबणानं हात धुते, आणि कामाला लागते.

तिकडं आमच्या तालुक्यात आता हंगाम असो नसो, दर महिन्याला नवं कार्ड येतं. बाळाच्या आईबापाला विचारून, ते व्हय म्हणाले तरच फोटो काढतात. निकाल लाल असो की हिरवा, सिस्टर बाळाला उजेडात आणून बोटानं दाबून बघते, आधीची लेकरं कशी आहेत ते विचारते, आणि निकालाखाली स्वतःचं नाव घालते. उपकेंद्राच्या भिंतीवर तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव आणि घर लिहिलेलं आहे. आणि त्या हंगामानंतर आमच्या तालुक्यात एकही बाळ, यंत्र हिरवं म्हणालं म्हणून, न बघता घरी ठेवलेलं नाही.